नाशिकजवळची ऑफरोड वाट नवख्याला झेपेल का, हे आधी कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: हीरोची एक्सपल्स २०० ही ऑफरोड बाईक घेतलीये, डांबरी रस्त्यावर हात बसलाय, पण ग्रुपमधले ज्या वाटेला ‘इझी’ म्हणतात तिथे दमछाक होते. मग वाट आधीच कशी जोखायची?

दुसऱ्याचं ‘इझी’ धरून चालू नका. वाट जोखायची ती तिच्यातल्या सगळ्यात वाईट पन्नास फुटांवरून. बाकी सगळा सपाट मुरूम आणि मध्ये एकच खडकाळ घळ असेल, तर तुमच्यासाठी अख्खी वाट त्या घळीएवढी अवघड. आणि उतरलो तर परत चढता येईल का, हे उतरायच्या आधी बघा. नवा रायडर बहुतेक वेळा अडकतो तो इथेच, कारण उतारावर गाडी आपसूक खाली जाते. पुढची वाट माहीत नसेल आणि परत चढायची खात्री नसेल, तर तिथूनच वळा.

शंका आली की गाडी स्टँडला लावून चालत जा. एक्सपल्स आणि रॉयल एनफिल्डची जुनी ४११ सीसीची हिमालयन, दोन्हींचा ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर) २२० मिमी, म्हणजे जेमतेम एक वीत. त्यातही तुम्ही बसलात की सस्पेन्शन दबून तो कमी होतो. त्यामुळे दगडाच्या पायरीला सरळ वीत लावा. वीतभर भरली तर इंजिन आपटणार हे धरून चाला आणि बाजूने जागा शोधा. चाकोरी खोल असेल तर पाय ठेवायचे फूटपेग काठांना घासतील का तेही बघा.

आपल्याकडे महिना बदलला की वाट बदलते. त्र्यंबक-हरसूल भागातला काळा कातळ मे महिन्यात छान पकड देतो. जुलैत त्यावर शेवाळ धरलं की नुसता ब्रेकला पाय लागला तरी चाक सटकतं. निफाडकडची काळी माती पावसात टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी भरते की चाक फिरायचंच थांबतं, तिथे कौशल्य फारसं कामाला येत नाही. उन्हाळ्यातला मुरूमही साधा समजू नका. टणक जमिनीवर सुटे खडे असले की वळणावर पुढचा ब्रेक दाबू नये. ओहोळ आधी पायी ओलांडा. पाणी गुडघ्याला लागलं किंवा तळ दिसत नसेल तर गाडी घालू नका.

गाडीच्या वजनाचाही हिशोब धरा. एक्सपल्स साधारण १६० किलोची, ती हिमालयन १९९ किलोची. चढावर, दमलेले असताना तिसऱ्यांदा पडलेली गाडी एकट्याने उचलता येणार नसेल, तर त्या वाटेला सोबतीशिवाय जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

गावात चौकशी करताना ‘रस्ता चांगला आहे का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘दादा, दुधाची गाडी कुठपर्यंत येते? पावसात येते का?’ असं विचारा. भरलेले कॅन लावून माणूस रोज जिथवर जातो, तिथवर तुम्हीही सावकाश जाल. त्याच्या पुढचा टप्पा आधी पायी बघून घ्या.

अंजनेरीच्या डोंगरावर मात्र गाडी चढवायचा विचारही नको. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथे गिधाडं आहेत आणि फार दुर्मीळ झाडोरा आहे.