स्वस्त तिकीट, महाग प्रवास

पहाटेच्या विमानाचं तिकीट दुपारच्या तिकिटाच्या जवळपास निम्म्या किमतीत मिळतंय. डोळे झाकून काढावं का?

आधी हिशेब मांडा. भल्या पहाटे विमानतळ गाठायचा, तर त्या वेळी बस किंवा लोकल असते का? नसेल तर टॅक्सी आली, नाहीतर आदल्या रात्रीचा मुक्काम आला. मग सामान. स्वस्त तिकिटात बरेचदा पुढच्या सीटखाली मावेल एवढीच सॅक धरलेली असते. मोठ्या बॅगेचे पैसे बुकिंगच्या वेळीच भरले तर कमी, काउंटरवर जास्त आणि गेटवर अडवलं तर विचारूच नका. उतरायचा विमानतळही नकाशावर बघा. पॅरिसच्या नावाने विकली जाणारी काही तिकिटं बोव्हेला उतरवतात, आणि तिथून पॅरिस सुमारे ८० किलोमीटर. घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा खर्च दोन्ही तिकिटांसाठी शेजारी शेजारी लिहून काढा. तरीही पहाटेचंच स्वस्त पडलं, तर खुशाल काढा.

ब्राउझरच्या इन्कॉग्निटो, म्हणजे आधीचे शोध लक्षात न ठेवणाऱ्या विंडोत शोधलं, मंगळवारी बुक केलं, की तिकीट स्वस्त मिळतं म्हणतात. खरं का?

ऐकीव गोष्टी. भाव हलतात ते मागणी आणि शिल्लक सीटा बघून. बुकिंगचा नाही, प्रवासाचा वार बदलून बघा.

परदेशात कार्ड वापरावं की रोख?

दोन्ही जवळ ठेवा, पण कार्डाच्या मशीनवर एक प्रश्न येतो, तिथे जरा थांबा. 'पैसे तुमच्या चलनात द्यायचे की इथल्या?' आपल्या चलनातला आकडा चटकन कळतो, म्हणून बोट आपोआप तिकडे जातं. नेमकी इथेच फसगत होते. आपलं चलन निवडलं, की दर ठरवते ती मशीनच्या बाजूची यंत्रणा, आणि त्यात स्वतःचा नफा मिसळते. स्थानिक चलन निवडलं, की दर तुमच्या कार्डाच्या नेटवर्कचा (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) लागतो आणि तो बहुतेक वेळा बरा असतो. एटीएमवर हाच प्रश्न 'रूपांतर स्वीकारा' किंवा 'नाकारा' असा येतो. नाकारलं तर व्यवहारच रद्द होईल अशी धास्ती वाटते. तसं होत नाही. पैसे येतात, हिशेब तुमची बँक करते. कधी दुकानदार न विचारताच बटण दाबून मोकळा होतो. सही करण्याआधी पावतीवर आपलं चलन दिसलं, तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. संकोच नको, पैसे तुमचे आहेत.

बँक दर वेळी ठरावीक शुल्क कापत असेल, तर थोडे थोडे चारदा काढण्यापेक्षा एकदाच काढा. क्रेडिट कार्डावर रोख शक्यतो काढू नका. व्याज सहसा त्याच दिवसापासून चढतं. आणि चलन बदलून देणाऱ्या खिडकीवरच्या 'शून्य कमिशन'च्या पाटीला भुलू नका. खरेदीचा आणि विक्रीचा दर यांत जेवढं अंतर, तेवढी त्या खिडकीची कमाई.

आम्ही दोघंही पन्नाशीपुढचे. हॉस्टेलमध्ये राहिलो तर विचित्र दिसेल का?

अजिबात नाही. पहिलं कायमस्वरूपी यूथ हॉस्टेल १९१२मध्ये जर्मनीतल्या आल्टेनाच्या किल्ल्यात सुरू झालं, तेही एका शिक्षकाच्या खटपटीने, मुलांच्या पायी सहलींसाठी. नावातलं 'यूथ' तेव्हाचं. आता बहुतेक ठिकाणी वयाची अट नसते. काही ठिकाणी असते, तेवढी वाचून घ्या. खालचा बेड आधीच मागा, लॉकरसाठी कुलूप न्या. मात्र दोन बेडांची बेरीज करून बघा, कधी कधी साधी डबल रूम तेवढ्यातच मिळते. स्वयंपाकघर वापरायला मिळत असेल, तर दोन पैसे जास्त गेले तरी ते हॉस्टेल घ्या.

प्रवास विमा टाळला तर बरीच बचत होईल ना?

होईल, आजारी पडेपर्यंत. बॅग आणि फोनचं कव्हर हवं तर सोडा, इस्पितळाचं सोडू नका. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाला, तर किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर लागतंच. आधीचे आजार त्यात धरलेत का, तेवढं पॉलिसीत शोधा.

दहा दिवसांत सहा शहरं ठरवलीत, पण बजेट पुरत नाही. खर्च कुठे कापू?

शहरं कापा. चहा-नाश्त्यात काटकसर करून फार काही हाती लागत नाही आणि चिडचिड तेवढी होते. खरा पैसा मुक्काम हलवण्यात जातो. गाव बदललं की तिकीट, स्टेशनवरून खोलीपर्यंतची टॅक्सी, आणि सकाळी खोली सोडल्यापासून दुपारी नवी मिळेपर्यंत सामान ठेवायचे पैसे. पाठीवर ओझं घेऊन स्वस्त खाणावळ कोण शोधतं? समोर दिसेल तिथे बसतो आपण. एकाच जागी चार-पाच दिवस राहिलात, तर बसचा पास वसूल होतो, बाजार ओळखीचा होतो, खोलीचा मालकही भाव कमी करायला तयार असतो.

सहापैकी दोन-तीन ठेवा. कोणती, ते तुम्ही ठरवा. फक्त जाताना पहिल्या शहरात उतरून परत शेवटच्या शहरातून निघता येईल असं तिकीट मिळतंय का बघा. साध्या जाऊन-येऊन तिकिटापेक्षा थोडं महाग असलं, तरी मागे फिरायचा एक अख्खा दिवस आणि त्याचं भाडं वाचतं.