गंगेचा गडू आणि हिरवा फॉर्म

“ताई, आईला सांगितलं तर ती खचेल. आणि त्या कागदावर सही करायची म्हणजे आम्हीच तिला…”

वाक्य बहुतेक इथेच तुटतं. न्यू जर्सीतल्या एका इस्पितळात गंभीर आजारी माणसांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. सोळा वर्षांत हे अर्धं वाक्य मी मराठीत ऐकलं, गुजराती-हिंदीत ऐकलं, तेलुगू वळणाच्या इंग्रजीत ऐकलं. बोलणारा बहुधा मुलगा असतो, चाळिशी-पन्नाशीतला, ऑफिसात रोज पन्नास निर्णय घेणारा. इथे मात्र, शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत-नकोत हे लिहायच्या कागदासमोर, त्याचा हात पेनाकडे जात नाही. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तिघांनी हेच विचारलं, तेव्हा मावशींबद्दल लिहायचं ठरवलं. घरच्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मावशी नाशिकच्या. यजमान गेल्यावर मुलाकडे एडिसनला आल्या, त्याला चौदा वर्षं झाली होती. वय ७६. फुप्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार, फायब्रोसिस. औषधांनी त्याचा वेग कमी होतो, झालेलं नुकसान भरून येत नाही. घरात ऑक्सिजनचं मशीन होतं, त्याची लांब नळी नाकाला. गॅसपाशी जायला बंदी, म्हणून जेवणाच्या टेबलाशी बसून भाजी निवडायच्या.

त्यांच्या फाइलीत लिहिलेलं होतं : ‘रुग्णाला सर्व उपचार हवेत. मुलाने भाषांतर केले.’

ही दोन वाक्यं शेजारी शेजारी दिसली की मी खुर्ची ओढून बसते. मुलाला विचारलं, “आजार काय आहे ते त्यांना ठाऊक आहे?”

“दमा आहे असं सांगितलंय.”

“आणि व्हेंटिलेटरचं?”

“ते डॉक्टरांसमोरच विचारलं ना. म्हटलं, आई, श्वासाचं मशीन लावायचं का? तर म्हणाली, लावलंय की!”

मावशींच्या मनात घरातलं, कोपऱ्यात घरघरणारं मशीन. डॉक्टरांच्या मनात अतिदक्षता विभागातली घशात जाणारी नळी. मुलाचा हेतू वाईट नव्हता. आईसमोर तो शब्द उच्चारवेना म्हणून त्याने सौम्य शब्द निवडला आणि त्यावरून एका बाईच्या शेवटच्या दिवसांचा निर्णय फाइलीत चढला. घरच्या माणसाला दुभाषा करू नका, असं मी प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगते ते यासाठीच.

“पुन्हा विचारू या का? घरी येऊन?” मी म्हटलं.

“घरात हा विषय नको, ताई. वास्तू तथास्तु म्हणते.”

माझे काही सहकारी अशा उत्तराला ‘वास्तव नाकारणं’ म्हणतील. मी तसं म्हणत नाही. माणूस ज्या घरात वाढतो त्या घराचे नियम त्याच्या निर्णयात असतातच, ते बाजूला सारून आत कुठे ‘खरा’ माणूस सापडत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून मी एवढंच म्हटलं, “बरोबर आहे. मग घराबाहेर बोलू.”

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. सून हलकेच हसली.

थोडं कागदांबद्दल सांगते, कारण भीती तिथेच बसलेली असते. अमेरिकेत १९९० साली कायदा झाला, त्यानुसार इस्पितळाला भरती होणाऱ्या प्रत्येक प्रौढाला विचारावं लागतं की तुम्ही उपचारांबद्दल आगाऊ काही लिहून ठेवलंय का. हा प्रश्न बऱ्याचदा विम्याच्या कार्डासोबत, नोंदणीच्या टेबलावरच विचारला जातो. आपल्या माणसांना वाटतं, आल्या आल्या मरणाची गोष्ट! खरं तर कागद दोन आहेत. एकात, आपल्याला बोलता येईनासं झालं तर आपल्या वतीने कोणी बोलायचं आणि काय हवं-नको, हे लिहायचं. न्यू जर्सीत त्याला दोन प्रौढ साक्षीदार किंवा नोटरी लागतो, आणि जिला नेमलं ती व्यक्ती साक्षीदार होऊ शकत नाही. वकील लागत नाही. दुसरा कागद गंभीर आजारी माणसासाठी, कोणते उपचार करायचे आणि कोणते नाहीत याचा, डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरबरोबर बसून भरायचा. त्याला ‘पोल्स्ट’ म्हणतात, आमच्या राज्यात तो हिरव्या रंगाचा असतो. अँब्युलन्सवाले तो पाहून वागतात. शुद्धीत असेपर्यंत रुग्णाचं तोंडचं म्हणणंच खरं, आणि दोन्ही कागद केव्हाही बदलता येतात.

या कागदांची भाषा एकवचनी आहे : मला काय हवं. सगळ्यांच्या घरात ही भाषा चालत नाही. १९९५ साली लॉस एंजेलिसमध्ये चार समाजांतल्या ८०० ज्येष्ठांना विचारलं होतं की कॅन्सर पसरला असेल तर रुग्णाला ते सांगावं का. युरोपीय वंशाच्यांपैकी ८७ टक्के ‘हो’ म्हणाले, कोरियन वंशाच्यांपैकी ४७ टक्के. मी हे आकडे आपल्या लोकांना मुद्दाम सांगते. ‘आम्हीच तेवढे मागासलेले’ हा न्यूनगंड त्याने थोडा उतरतो.

पण नकार सगळीकडे सारखा दिसला तरी त्याची मुळं सारखी नसतात. एका कृष्णवर्णीय आजोबांनी बायकोसाठी हाच कागद माझ्याकडे परत सरकवला होता. ते अलाबामाचे. त्या राज्यात टस्कीगीला १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या शेकडो काळ्या पुरुषांना उपचार न देता नुसतं पाहत राहिले होते, पेनिसिलिन आल्यावरसुद्धा. ‘उपचार नको’ अशा कागदावर सही मागणारं इस्पितळ त्यांना कसं दिसत असेल? त्यांच्याशी आधी विश्वासाबद्दल बोलावं लागलं, कागद फार नंतर आला. आणि याच्या उलट टोकाला एक जैन आजी. संथाऱ्याच्या, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याच्या व्रताच्या, गोष्टी ऐकत वाढलेल्या. त्यांचा फॉर्म वीस मिनिटांत भरून झाला, नातवंडं शेजारी बसलेली. आपल्या भारतीयांतही इतका फरक. त्यामुळे ‘मराठी कुटुंब, म्हणजे मोठा मुलगा ठरवणार’ असं कोणी म्हटलं की मी सावध होते. कबूल करते, मावशींच्या बाबतीत ते मीच धरून चालले होते.

ऑक्टोबरातली दुपार. इस्पितळाच्या मागे छोटी बाग आहे. मावशी चाकाच्या खुर्चीत, मांडीवर शाल, मागे ऑक्सिजनचं छोटं नळकांडं. बाकावर मुलगा आणि सून.

मी आजाराचं नाव काढलं नाही. परवानगीपासून सुरुवात करायची, हा माझा नेम आहे. “मावशी, काहीजणांना आपल्या दुखण्याचं सगळं कळावंसं वाटतं. काहीजण म्हणतात, मुलांना सांगा, मला नको. तुमचं कसं?”

त्यांनी विचार केला. “अर्धं मला सांग, अर्धं सुनेला.”

“आणि मुलाला?”

“त्याला हळूहळू.”

मुलगा तोंड फिरवून झाडाकडे बघू लागला. मी मावशींना विचारलं, यजमान गेले तेव्हा जवळ होतात का.

“जवळ म्हणजे बाहेर. नऊ दिवस आयसीयूत होते. तोंडात नळी. सासूबाईंनी काशीहून आणलेला गंगेचा गडू होता घरात. तो पिशवीत घेऊन मी नऊ दिवस बाहेरच्या बाकावर बसले. म्हटलं, सांगतील तेव्हा दोन थेंब घालीन. पण नळी ना. गेल्यावर नुसता ओठांना लावला.”

कोणीच काही बोललं नाही. इथे समुपदेशकाने घाईने दिलासा द्यायचा नसतो. मी गप्प राहिले.

मग त्याच म्हणाल्या, “माझा वेगळा आहे. कपाटात, हिरव्या साडीच्या घडीत.”

“आई, तू गडू इकडे आणलास?” मुलगा म्हणाला. “चौदा वर्षं?”

“तुला काय सांगायचं? तू वास्तू वास्तू करतोस.”

आता मी त्यांना मशीनचं सांगितलं. घरातलं मशीन कोणतं, डॉक्टर विचारत होते ते कोणतं. तुमची फुप्फुसं कडक झाली आहेत, त्यामुळे ती नळी एकदा घातली की पुन्हा काढता येईल याची शक्यता फार थोडी. यजमानांना होती तीच नळी.

“मग नको,” मावशी म्हणाल्या. “तोंडात नळी असेल तर गंगा कुठून घालणार?”

सोळा वर्षांत इतकं नेमकं उत्तर मी ऐकलं नव्हतं. मी पुढे विचारलं, न्यूमोनियासारखं बरं होण्याजोगं काही झालं तर? त्या म्हणाल्या, “सुईने औषध द्या, नाकावर मास्क लावा, इस्पितळात ठेवा. तोंड मोकळं ठेवा.” हृदय बंद पडलं तर छाती दाबून बघायचं का, हेही विचारलं. इस्पितळात अशी वेळ आलेल्या पासष्टीपुढच्या पाचांपैकी जेमतेम एकजण जिवंत बाहेर पडतो, आणि मावशींच्या फुप्फुसांची अवस्था पाहता तेवढीही आशा नव्हती. तेही त्यांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली, नको म्हणून.

संध्याकाळी डॉक्टरांना मी ‘तोंड मोकळं ठेवा’ हे शब्द जसेच्या तसे सांगितले. हिरव्या फॉर्ममधला कुठला चौकोन भरायचा, हे त्यांना लगेच कळलं.

राहिलं होतं, बोलायचं कोणी. मी मुलाचं नाव लिहायला पेन उचललं.

“त्याचं नको,” मावशी म्हणाल्या. “हिचं लिही. बाळ्याच्याने नाही होणार. तो ‘करा, सगळं करा’ म्हणेल आणि मग जन्मभर झोपणार नाही.”

मुलाला ते लागलं. डोळे भरून आले. पण त्याचे खांदे उतरलेले मी पाहिले. ‘आम्हीच तिला…’ हे त्याचं वाक्य आईने तिथेच पुसून टाकलं होतं. त्याचं नाव पर्यायी म्हणून दुसऱ्या ओळीत आलं.

त्या रात्री मी बराच वेळ गाडीत बसून होते. आपली माणसं मरणाबद्दल बोलत नाहीत, नियोजन करत नाहीत, असं आमच्या बैठकांमध्ये सतत म्हटलं जातं. पण मावशींच्या कपाटात साडी होती, गडू होता, दहाव्या-तेराव्याच्या खर्चाचं पाकीटही होतं, हे पुढे कळलं. मरणानंतरची सगळी तयारी झालेली होती. रिकामे होते ते मरणाआधीचे पंधरा दिवस, कारण आपल्या आजीच्या काळात ते पंधरा दिवस नव्हतेच, मशीनांनी ते नंतर आणले. तेव्हापासून मी वयस्क माणसांना ‘तुम्हाला कोणते उपचार हवेत’ असं विचारत नाही. विचारते, ‘तुम्ही काय काय करून ठेवलंय?’ देहदानाचा फॉर्म निघतो, गावच्या देवीची पुडी निघते, एकदा तर सोन्याचं पान निघालं. तिथून मागे यायचं, एकेक पाऊल.

तुम्हीही तिथून सुरुवात करा. ‘सगळं करायचं का?’ या प्रश्नाला कोणताही मुलगा ‘नाही’ म्हणू शकत नाही, म्हणून डॉक्टरांनी तसं विचारलं तर उलट विचारा : यातून आई पुन्हा टेबलाशी बसून भाजी निवडेल का? आईला एकदम सगळं सांगू नका, आणि लपवूही नका. किती कळायला हवं ते तिलाच विचारा. ‘मला नको, मुलं ठरवतील’ असं ती म्हणाली तर तोही तिचाच निर्णय आहे, तो तिच्या तोंडून ऐका आणि लिहून घ्या. दूर असलेल्या भावंडांना आधी कळवा. शेवटच्या दिवशी विमानाने येऊन ‘सगळं करा’ म्हणणाऱ्या लेकीला इथले डॉक्टर ‘कॅलिफोर्नियाची लेक’ म्हणतात. मावशींच्या घरी तो नाशिकचा मुलगा होता, व्हॉट्सॲपवर. सुनेने त्याला बागेतल्या गप्पांचं सगळं त्याच आठवड्यात सांगितलं.

ज्यांचे आईवडील भारतात आहेत, त्यांनी इथला फॉर्म भरून पाठवू नये, तो तिथे चालत नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा इच्छापत्राला मान्यता दिली. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, ते कोणाला जमेना. जानेवारी २०२३मध्ये न्यायालयाने ते सोपं केलं : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. त्यात एकाहून जास्त नातेवाइकांची नावं घालता येतात, आणि हे मला आपल्या घरांना साजेसं वाटतं. उपचार थांबवताना डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात, त्यामुळे एकट्या मुलाच्या शब्दावर काही होत नाही. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे द्या.

मावशींना फेब्रुवारीत धाप वाढली. अँब्युलन्स आली तेव्हा सुनेने फ्रिजवरचा हिरवा कागद काढून दाखवला. तीन दिवस मास्क आणि औषधं झाली, उतार पडला नाही. हॉस्पिसच्या, म्हणजे शेवटच्या दिवसांत त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, मदतीने त्यांना घरी आणलं. मॉर्फिनच्या थोड्या मात्रेने धाप निवली, शुद्ध राहिली. मुलाने आठवड्याने फोन केला.

“ताई, गडूचं झाकण निघेना. डाख दिलेलं असतं ना. मी गॅरेजमधून पक्कड आणली. आई बघत होती. म्हणाली, हळू, सांडशील.”

थोडा थांबून म्हणाला, “दोन चमचे घेतले तिने. गिळले.”