सूक्ष्मजीवशास्त्र सोडून जोआना रस?

"माझी मुलगी बीएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता ते सोडून इंग्रजी घ्यायचं आणि जोआना रस या अमेरिकन लेखिकेवर पुढे संशोधन करायचं म्हणते. त्या बाई विज्ञानकथा लिहायच्या आणि समलिंगी होत्या असं कळलं. मुलगी स्वतःही इंग्रजीत कथा लिहिते, पण हे कसलं लेखन? यावर पोट भरेल का?"
– एक आई, सातारा

ताई, नमस्कार.

जोआना रस यांची सुरुवात तुमच्या मुलीच्याच विषयाजवळ झाली होती. जन्म 1937 चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातला. रंगीत उजेडात आणि अंधारात बुरशी कशी वाढते, यावर त्यांनी शाळेत असताना प्रयोग केले आणि 1953 साली वेस्टिंगहाउसच्या देशपातळीवरच्या विज्ञान स्पर्धेत पहिल्या दहांत आल्या. पुढे कॉर्नेल विद्यापीठात इंग्रजी, येल विद्यापीठात नाट्यलेखन. बुरशी मागे राहिली, प्रयोगाची सवय मात्र सुटली नाही: एक गोष्ट बदलायची आणि काय होतं ते टिपायचं.

'व्हेन इट चेंज्ड' ही त्यांची 1972 ची कथा घ्या. एका ग्रहावरचे सगळे पुरुष साथीत गेले, त्याला शेकडो वर्षं झाली. बायका शेती करतात, यंत्रं चालवतात, एकमेकींशी संसार करून मुली वाढवतात. मग पृथ्वीवरून पुरुष येतात आणि विचारतात, तुमची माणसं कुठे आहेत? माणसं म्हणजे त्यांच्या लेखी पुरुष. आपल्याकडे पुरुष असेल तर नुसता 'माणूस' आणि बाई असेल तर 'बाईमाणूस', म्हणून मला तो प्रश्न फार लागला. कथेला विज्ञानकथांसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळाला. 1975 च्या 'द फीमेल मॅन' कादंबरीत चार निरनिराळ्या जगांतल्या चार बायका एकमेकींना भेटतात. तिच्यातलं ट्रान्स व्यक्तींचं चित्रण आज खटकतं. संशोधन करायचं तर मुलीला त्याबद्दलही लिहावं लागेल.

तुम्ही 'समलिंगी' हा शब्द लिहिलात, त्यामागची भीती मला कळते. पुस्तक वाचून कुणी समलिंगी होत नाही. आणि उद्या तिने स्वतःबद्दल तसं सांगितलंच, तरी ती तुमचीच लेक. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी समलिंगी नातं गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढलं आहे.

आता "लिहिते, पण हे कसलं लेखन?" बायकांचं लेखन बाजूला कसं सारलं जातं, यावर रस यांनी 1983 साली एक अख्खं पुस्तक लिहिलं. सबबी अशा: तिने लिहिलंच नाही. लिहिलं, पण लिहायला नको होतं. लिहिलं, पण विषय तरी बघा! हा 'पण' त्यांनी इंग्रजी साहित्यातून शोधून शोधून दाखवला. ताई, तो तुमच्या पत्रातही आहे. काळजीपोटी आहे, हे मला दिसतं, तरी मुलीला तो ऐकू जातो. आणि विज्ञानकथा हलकी नाही. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत खुद्द जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली होती.

पोटाचं मात्र स्पष्ट बोलते. रस कथांच्या मानधनावर अवलंबून नव्हत्या. त्या शिकवत होत्या, शेवटी सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक होत्या. आपल्याकडे नेट-सेट या प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षा होऊनही अनेक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. म्हणून बीएस्सी आत्ता सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. पदवीनंतर इंग्रजीत एमए करता येतं. अनेक विद्यापीठं विज्ञानाच्या पदवीधरांना घेतात, फक्त ज्या त्या ठिकाणची अट आधी पाहावी. मग नेट. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये मिळतात आणि संशोधनाचा खर्च घरावर पडत नाही. नाही मिळाली, तर सूक्ष्मजीवशास्त्र येणाऱ्या आणि इंग्रजी नीट लिहिणाऱ्या मुलीला औषध कंपन्यांत मेडिकल रायटिंगचं, म्हणजे औषधांविषयीचे अहवाल आणि माहिती लिहिण्याचं, काम असतं, विज्ञानविषयक संपादन आणि भाषांतर असतं. अर्धवट पदवीवर यातलं काही हाती लागणार नाही.

तिच्या कथा इंग्रजीत आहेत म्हणून तुम्ही वाचल्या नसाल, असा माझा अंदाज आहे. या रविवारी तिला एक मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. अडेल तिथे ती मराठीत सांगेल.