चौथ्यांदा डाउनलोड लावू नकोस, तीच फाईल दुरुस्त होईल

थांब रे, चौथ्यांदा लावू नकोस. उबंटूची (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची एकच मोठी फाईल, मोबाईल हॉटस्पॉटवरून दोनदा मध्येच तुटली आणि तिसऱ्यांदा पूर्ण उतरूनही इन्स्टॉल करताना एरर येतेय, असं लिहिलंयस ना, मग ती तिसरी फाईल अजून डिलीट केली नसशील तर निम्मं काम झालंच म्हण.

आधी साईझ बघ. पाच-सहा जीबीच्या जागी पाच-पन्नास केबी दिसत असतील तर ती आयएसओ नाहीच, नोटपॅडमध्ये उघड, आत कुठल्यातरी वायफायचं लॉगिन पेज निघेल. आणि पेनड्राइव्हवर कॉपी करताना 4 जीबीला अडत असेल तर डाउनलोडला शिव्या देऊ नकोस, पेनड्राइव्ह फॅट32 या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे, त्यात त्याहून मोठी फाईल मावतच नाही.

साईझ ठीक असेल तर हॅश, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल, स्पेस, डॅश हॅशफाईल, मग फाईलचं नाव आणि शेवटी एसएचए256. 64 अक्षरांची ओळ येते, ती उबंटूच्या डाउनलोड फोल्डरमधल्या एसएचए256सम्स फाईलशी ताडून बघ. एक बाईट जरी बदलला तरी अख्खी ओळ वेगळी येते, त्यामुळे फाईल नुसती खराब झालीय का एवढंच बघायचं तर पहिली नि शेवटची सहा-सात अक्षरं बघितली तरी चालतात.

नाही जुळली तर पीसी रीस्टार्ट करून पुन्हा हॅश काढ, रीस्टार्ट मस्ट, नाहीतर विंडोज मेमरीतलीच कॉपी वाचून तेच उत्तर देतं. या वेळी वेगळाच हॅश आला तर फाईलपेक्षा रॅमवर संशय घे. मी एकदा चार दिवस नेटवाल्याशी भांडत बसलो होतो आणि इकडे त्याच फाईलचा हॅश दर वेळी वेगळा येत होता, शेवटी रात्रभर मेमटेस्ट86+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावला तर रॅमची एक स्टिक गेलेली, ती काढली आणि सगळं गुपचूप चालू झालं. नेटवाल्याला सॉरी म्हणायचं राहिलंच.

दोन्ही वेळा हॅश सारखाच पण चुकीचा आला तर फाईलच बिघडलीय. मग उबंटूच्याच साईटवरून त्याच व्हर्जनचा टॉरेंट (मोठी फाईल तुकड्या-तुकड्यांनी उतरवायला लागणारी छोटी फाईल) घे, क्यूबिटटॉरेंट या टॉरेंट उतरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकताना सेव्ह लोकेशन म्हणून तुझी खराब फाईल आहे तोच फोल्डर दे (नाव अगदी तेच हवं, अर्धवट क्रोमवाली असेल तर शेवटचं डॉट सीआरडाउनलोड काढून टाक) आणि राइट क्लिक करून फोर्स रीचेक मार. टॉरेंटमध्ये प्रत्येक तुकड्याचा वेगळा हॅश असतो, त्यामुळे क्यूबिटटॉरेंट चांगले तुकडे तसेच ठेवतो आणि फक्त सडलेले नव्याने आणतो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर याहून स्वस्त इलाज नाही, आणि नेट गेलं-आलं तरी जिथे थांबला तिथूनच पुढे.

रीचेक झाल्यावर किती टक्के दाखवतोय ते इथे टाक. 99 च्या वर असेल तर चहा होईपर्यंत पूर्ण होईल, 0 आले तर टॉरेंट दुसऱ्याच व्हर्जनचा घेतलायस किंवा फोल्डर चुकलाय.