पहिल्या उन्हाळ्यात झाडं कशी सांभाळायची

लातूर-सोलापूरकडच्या उन्हात कडुनिंब, करंज, बहावा जगवायला फार काही लागत नाही. पाणी तेवढं नीट जमलं पाहिजे, आणि नवखे नेमके तिथेच चुकतात. रोज खोडाशी तांब्याभर पाणी ओतलं की मुळं वरच राहतात, मग मे महिन्यात झाड मान टाकतं. खोडापासून दीड-दोन फुटांवर गोल आळं करा. आठवड्यातून दोनदा, सावकाश, 20-25 लिटर सोडा. पुढचं पाणी देण्याआधी वीतभर उकरून बघा. मातीचा गोळा वळला तर थांबा.

आळ्यात 3-4 इंच पालापाचोळा पसरा. खोडाला मात्र टेकवू नका, साल कुजते.

आणखी थोडं:

- बहावा उन्हाळ्यात पानं गाळतो, घाबरून पाणी वाढवू नका. नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं म्हणजे झाड जिवंत आहे.
- काळी जमीन असेल तर पावसाळ्यात आळं एका बाजूने फोडून पाण्याला वाट द्या.
- आधाराच्या काठीची सुतळी दर दोन-तीन महिन्यांनी सैल करा, नाहीतर खोडात रुतते.
- कडक उन्हात युरिया नको.

छाटणीचं आत्ता डोक्यात घेऊच नका. वाळकी, मोडकी फांदी तेवढी काढा.