वाचक विचारतात : फॅन कंट्रोलरचे सेन्सर नेमके कुठे लावावेत?

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये पुढच्या कप्प्यात पाच चॅनेलचा फॅन कंट्रोलर (पंख्यांचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवला आहे. त्यासोबत टोकाशी चपटा मणी असलेल्या, दोन पदरी सेन्सरच्या पाच बारीक तारा मिळाल्या. प्रोसेसरच्या कूलरचा पंखाही मी याच कंट्रोलरला जोडला. तेव्हापासून संगणक सुरू होताना ‘सीपीयू फॅन एरर’ असा संदेश येतो आणि एफ-१ दाबल्याशिवाय पुढे जात नाही. शिवाय कूलरला चिकटवलेला सेन्सर ४८ अंश दाखवतो, तर सॉफ्टवेअर प्रोसेसरचे तापमान ७१ अंश सांगते. खरे कोणते मानावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या जागांचे आहेत. सॉफ्टवेअर जो आकडा दाखवते तो प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच बसवलेल्या सेन्सरचा असतो आणि काम वाढताच तो क्षणार्धात वीस-तीस अंशांनी चढतो. तुमचा सेन्सर मात्र कूलरच्या धातूचे तापमान मोजतो. तिथवर उष्णता पोचायला वेळ लागतो आणि वाटेत तिची तीव्रताही कमी होते. म्हणून प्रोसेसरच्या सुरक्षिततेसाठी आतल्या सेन्सरचाच आकडा धरावा. काही जण अचूक माप मिळावे म्हणून हा मणी प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये सरकवतात. तसे मुळीच करू नये. मण्याच्या जाडीमुळे कूलर एका बाजूने उचलला जातो आणि थर्मल पेस्टचा (दोन्हींमध्ये लावलेल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाचा) थर जाड होऊन प्रोसेसर पूर्वीपेक्षा अधिक तापतो.

‘फॅन एरर’चे कारण पंख्याच्या तिसऱ्या तारेत आहे. पहिल्या दोन तारा ग्राउंड आणि १२ व्होल्ट यांच्या असतात, तर तिसरी तार पंख्याच्या प्रत्येक फेरीला सामान्यतः दोन स्पंदने पाठवते आणि त्यावरून मदरबोर्ड वेग मोजतो. तुम्ही पंखा कंट्रोलरला जोडल्यामुळे मदरबोर्डच्या ‘सीपीयू फॅन’ या जोडणीवर शून्य फेऱ्यांची नोंद होते आणि पंखा बंद पडला असे समजून तो तुम्हाला थांबवतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या, मदरबोर्डच्या मूळ प्रोग्राममध्ये) ही देखरेख बंद करता येते, पण तो सल्ला मी देणार नाही. उद्या पंखा खरोखरच अडकला तर सांगणारे कोणी उरणार नाही. कूलरचा पंखा मदरबोर्डला परत जोडावा आणि त्याचा वेग बायोसलाच ठरवू द्यावा. लिक्विड कूलर असेल तर त्याचा पंपही कमी-जास्त व्होल्टेज देणाऱ्या चॅनेलवर ठेवू नये.

मग कंट्रोलरने काय करावे? त्याने कॅबिनेटचे पंखे सांभाळावेत. त्याचे खरे काम तेच आहे. एक सेन्सर पुढच्या जाळीच्या आत, येणाऱ्या हवेच्या वाटेवर लावावा आणि दुसरा मागच्या, हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याजवळ. या दोन आकड्यांतील फरकाकडे लक्ष ठेवावे, कारण नागपुरात मे महिन्यात खोलीतली हवाच चाळिशीत असेल तर कोणताही पंखा कॅबिनेट त्याखाली थंड करू शकत नाही. पंख्यांचा वेग वाढवण्यासाठी जानेवारीत निश्चित केलेली तापमानाची मर्यादा मेमध्ये तशीच ठेवली, तर पंखे दिवसभर पूर्ण वेगाने घोंघावत राहतील आणि उपयोग फारसा होणार नाही. भरपूर काम चालू असताना फरक दहा अंशांच्या आत राहिला तर हवा बऱ्यापैकी खेळते आहे असे मी मानतो. त्याहून बराच वाढला तर आधी जाळीवरची धूळ पाहावी. तिसरा सेन्सर ग्राफिक्स कार्डच्या मागच्या पत्र्यावर आणि चौथा हार्ड डिस्कच्या कडेला लावता येईल. पाचवा गुंडाळून ठेवला तरी बिघडत नाही.

चिकटवण्यासाठी पिवळसर, उष्णता सोसणारी कॅप्टॉन (Kapton) टेप वापरावी. साध्या सेलोटेपचा गोंद उष्णतेने पातळ होतो आणि तार सुटून पंख्याच्या पात्यांत जाऊ शकते. हे मणी बहुधा एनटीसी प्रकारचे थर्मिस्टर असतात : तापमान वाढले की त्यांचा रोध घटतो. त्यांना धन-ऋण नसते, त्यामुळे पिन उलटी लागली तरी चालते. संगणकांत रूढ असलेल्या मण्याचा रोध २५ अंशांना १० किलोओहम असतो आणि ५० अंशांच्या आसपास तो चार किलोओहमच्या जवळ येतो. एखाद्या चॅनेलवर अशक्य आकडा दिसला तर सेन्सर काढून मल्टिमीटर लावावा आणि मणी चिमटीत धरावा. रोध हळूहळू उतरला तर सेन्सर ठीक आहे, अनंत दाखवला तर तार तुटली आहे.

प्रश्न : मदरबोर्डवर कॅबिनेटच्या पंख्यासाठी एकच जोडणी आहे आणि मला चार पंखे लावायचे आहेत. एकाला-चार स्प्लिटर पुरेल की हब घ्यावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : प्रत्येक पंख्याच्या लेबलवरील अँपिअरचे आकडे जोडून पाहावेत. बहुतेक मदरबोर्डवर अशा जोडणीची मर्यादा १ अँपिअर, म्हणजे १२ वॉट असते. नेमका आकडा मदरबोर्डच्या पुस्तिकेत सापडेल. प्रत्येकी ०.१५ अँपिअरचे चार पंखे स्प्लिटरवर निर्धास्त चालतील. मात्र ०.३ अँपिअरचे चार पंखे मर्यादा ओलांडतात, आणि फिरायला लागताना तर ते क्षणभर त्याहूनही अधिक प्रवाह ओढतात. अशा वेळी हब घ्यावा, कारण तो वीज थेट एसएमपीएसमधून (संगणकाच्या वीजपुरवठा पेटीतून) घेतो आणि मदरबोर्डकडून केवळ वेगाचा संकेत घेतो.

पंखे चार पिनचे असतील तर बायोसमध्ये त्या जोडणीला पीडब्ल्यूएम (स्पंदनांच्या संकेताने वेग ठरवणारा) मोड द्यावा. चौथ्या तारेवरून २५ किलोहर्ट्झच्या आसपासचा संकेत जातो आणि पंख्याला १२ व्होल्ट अखंड मिळत राहतात. तीन पिनचा पंखा या हबवर चालतो, पण त्याला चौथी तारच नसल्यामुळे तो कायम पूर्ण वेगाने फिरेल. अशा पंख्यांचा वेग व्होल्टेज उतरवूनच कमी होतो आणि फार उतरवल्यास ते सुरूच होत नाहीत. हबवरून मदरबोर्डकडे एकाच पंख्याचा वेग कळवला जातो, हेही ध्यानात असू द्यावे; बाकीच्यांपैकी एखादा बंद पडला तर झाकण उघडून पाहिल्याशिवाय ते समजणार नाही.

पंख्यांत दिवे असतील तर त्यांची केबल वेगळी असते. रंग बदलत धावणाऱ्या दिव्यांची तीन पिनची केबल ५ व्होल्टची, तर साध्या आरजीबी दिव्यांची चार पिनची केबल १२ व्होल्टची असते. पहिली केबल जोर लावून दुसरीच्या जागी बसवली तर दिवे जळतात. एसएमपीएसचे बटण बंद करून आणि मुख्य प्लग काढूनच जोडणी करावी.