वाचक विचारतात : जंगलाचं छप्पर तुटतं तेव्हा

प्रश्न : तमिळनाडूत वालपारईला सिंहपुच्छ वानरांची टोळी रस्त्यावर बसलेली पाहिली. पर्यटक वेफर देत होते. हा प्राणी झाडांवरच राहतो ना? मग खाली का उतरला? – एक वाचक, सांगली

मुळात तो झाडांवरचाच. (नावात वानर असलं तरी तो माकडांच्या कुळातला आहे, आपल्या काळतोंड्या वानराशी गल्लत नको.) केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटकातल्या सदाहरित जंगलांपलीकडे तो जगात कुठेच रानात सापडत नाही. वालपारईच्या पठारावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चहा-कॉफीचे मळे झाले आणि सलग जंगलाचे तुकडे उरले. पुदुतोट्टमचा तुकडा जेमतेम 90 हेक्टरांचा. एका फळझाडावरून दुसऱ्यावर जायचं तर मध्ये रस्ता, आणि वर फांदीला फांदी भिडत नाही. म्हणून तो उतरतो. एकदा उतरला की कचरापेटी आणि पर्यटकांची पिशवी सापडते. खाणं सहज मिळू लागलं की टोळी रस्ता सोडत नाही, आणि गाड्यांखाली माकडं मरतात. मादीला दोन वेतांत साधारण अडीच वर्षं लागतात, त्यामुळे एक मादी गेली तरी ती तूट लवकर भरत नाही. केळंसुद्धा देऊ नका. काचा वर करून, वेग कमी ठेवून पुढे जा.

प्रश्न : उष्णता वाढली तर माकडं थंड डोंगरावर सरकतील, असं ऐकलं. खरं का? – एक वाचक, पुणे

सरकायला वाट सलग हवी. चहाच्या मळ्यातून झाडावर राहणारा प्राणी चढणार कसा? शिवाय माकड सरकलं तरी त्याचं झाड सरकत नाही. सिंहपुच्छाचं मुख्य अन्न म्हणजे कुलेनिया, काटेरी फळाचं उंच झाड. ते साधारण 700 ते 1400 मीटर उंचीवर, जिथे कोरडे महिने थोडे तिथेच वाढतं. कोरडा काळ लांबला की आधी रोपं मरतात. मोठी झाडं उभी असल्याने जंगल ठीक दिसतं, पण खाली पुढची पिढी नसते. तुकड्याच्या कडेला हे आणखी लवकर होतं, कारण ऊन-वारा थेट आत शिरतो आणि घाणेरीची (टणटणीची) झुडपं माजतात.

मे 2024 मध्ये मेक्सिकोच्या ताबास्को आणि चियापास राज्यांत हाउलर माकडं उष्माघाताने झाडांवरून कोसळली. मेलेल्यांची संख्या शंभरावर गेली. तिथेही जंगल तुटलेलं आहे. दाट सावली आणि पाणी जवळ नसलं की तेच तापमान जास्त मारक ठरतं.

प्रश्न : आमच्याकडे रस्त्यासाठी दोन्ही कडची झाडं गेली. वर दोर बांधला तर चालेल? – एक वाचक, दोडामार्ग

चालेल, पण एकेरी दोर नको. वालपारईत अग्निशमनाच्या जुन्या कॅनव्हास पाइपांचे पूल बांधले आहेत. रुंद, न घसरणारे. प्राणी आधीपासून जिथून ओलांडतात तीच जागा धरा. आपल्या सोयीच्या जागी बांधलेला पूल रिकामा लोंबतो. आधार म्हणून जिवंत, जाड बुंधे निवडा. बांधणीखाली रबर घाला आणि वेढा सैल ठेवा, नाहीतर खोड वाढताना दोर सालीत रुततो. मालाने भरलेल्या ट्रकपेक्षा पूल बराच वर आणि विजेच्या तारांपासून दूर हवा. वनविभाग आणि रस्ताविभागाची परवानगी आधी घ्या. दरवर्षी पावसाळ्याआधी तपासा. उन्हाने दोर कुजतो.

तुमच्या भागातली लाजवंती (स्लेंडर लोरिस हा झाडांवर राहणारा छोटा प्राणी) उडी मारू शकत नाही. तिला अखंड फांद्याच लागतात, म्हणून पुलाची टोकं फांद्यांत आतपर्यंत न्या. आणि पूल बांधाल त्याच पावसाळ्यात दोन्ही कडांना स्थानिक झाडं लावा. सदाहरित झाडांपैकी बऱ्याच जातींचं बी धान्यासारखं सुकवून ठेवलं की मरतं. गोळा केल्यावर ताजं असतानाच ओलसर मातीत, सावलीत पेरा. आधी घाणेरी मुळासकट काढा, नाहीतर दोन वर्षांत ती रोपांवर चढते.